शेवटचा सीझन

आमच्या होस्टेलवर मेसच्या भाजीनंतर सगळ्यात जास्त शिव्या कशाला पडत असतील, तर त्या मालिकांच्या शेवटच्या सीझनला! रात्र-रात्र जागायचं, सबमिशन बुडवायचं, सकाळच्या प्रॅक्टिकलला डोळे चोळत जायचं आणि शेवटी "हे काय केलं राव यांनी!" म्हणून लॅपटॉप धाडकन बंद करायचा. 'गेम ऑफ थ्रोन्स' २०१९ मध्ये संपली, तरी तिच्या शेवटावरून आमच्या मजल्यावर अजून भांडणं होतात. मी त्या भांडणात नसते. माझं दुखणं वेगळ्याच मालिकेचं आहे आणि ती आमच्या विंगमध्ये मी सोडून कुणीच पाहिलेली नाही.

मालिकेचं नाव 'द ए वर्ड'. यातला 'ए' म्हणजे ऑटिझम. घरात ज्याचा उच्चार करायला सगळे कचरतात, तो शब्द. बीबीसीवर २०१६ मध्ये सुरू झाली, दुसरा सीझन २०१७ मध्ये आला आणि तिसरा, म्हणजे शेवटचा, २०२० मध्ये. प्रत्येक सीझनचे सहा भाग, एकूण अठरा. मूळ कल्पना इस्रायलच्या 'यलो पेपर्स' नावाच्या मालिकेची, तिच्यावरून पीटर बोकर यांनी इंग्लंडमधलं कुटुंब उभं केलं. लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत राहणारं हे ह्यूज कुटुंब. आई अ‍ॅलिसन, बाबा पॉल, सोळा वर्षांची बहीण रेबेका, तोंडाने फटकळ पण जीव लावणारे आजोबा मॉरिस, आणि पाच वर्षांचा ज्यो. ज्यो कानाला मोठे निळे हेडफोन लावून रस्त्याने एकटाच चालत असतो. गाणं लागलं की ते कुणाचं, कुठल्या सालचं हे घडाघडा सांगतो. पण समोरच्या माणसाने "कसा आहेस?" विचारलं, तर उत्तर येईलच याची खात्री नाही.

आता मला ही मालिका का बघावीशी वाटली? कारण आमच्या घरीही एक 'ए' आहे. माझा दादा.

आमची वाडी आंबेगाव तालुक्यात, तळेघरच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला. बाबांचं रस्त्याकडेला चहा-भज्यांचं छोटं हॉटेल आहे, थोडी भातखाचरं आहेत आणि उन्हाळ्यात आम्ही सगळे हिरडा गोळा करतो. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तो फार थोडं बोलतो. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला उभं राहून गटारातून पळणारं पाणी बघणं, हा त्याचा आवडता उद्योग. तास-तासभर! पहिल्या भागात धुक्यातल्या डोंगररस्त्यावरून चालणारा ज्यो दिसला आणि मला वाटलं, अरे, हे तर आमच्याकडचंच! डोंगर, खाली तलावाचं पाणी, सतत ढग उतरलेले. फक्त मेंढ्यांच्या जागी म्हशी आणि तलावाच्या जागी डिंभ्याचं धरण.

खरं म्हणजे आमच्या घरात 'ऑटिझम' हा शब्द आला तोच मुळी टीव्हीतून. २००९ च्या जूनमध्ये झी टीव्हीवर 'आपकी अंतरा' नावाची हिंदी मालिका सुरू झाली. पाच वर्षांच्या ऑटिस्टिक मुलीची गोष्ट. झैना वस्तानी या छोट्या मुलीने अंतराचं काम केलं होतं. मी तेव्हा चार वर्षांची, मला काही आठवत नाही, पण आई अजून सांगते. माझी आत्या मंचरला असते. तिने ती मालिका पाहिली आणि बाबांना फोन केला, "दादा, आपलं पोरगं अगदी त्या पोरीवानीच करतंय बघ. डोळ्याला डोळा देत नाय, हाक मारली तरी वळत नाय. त्याला काहीतरी नाव हाये." तोपर्यंत दादा सात वर्षांचा झाला होता. कुणी म्हणायचं उशिरा बोलेल, कुणी म्हणायचं बाहेरचं काही आहे. आत्याच्या त्या फोननंतर आई-बाबा त्याला घेऊन पुण्याला गेले आणि तिथल्या डॉक्टरांनी तोच शब्द सांगितला. मराठीत स्वमग्नता. हा आजार नव्हे, ताप उतरावा तसा तो उतरत नाही; मेंदूची जडणघडणच वेगळी असते. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचा अभ्यास करून हे पहिल्यांदा नीट मांडलं. तिथून आमच्या वाडीपर्यंत पोचायला शब्दाला सहासष्ट वर्षं लागली, आणि तीसुद्धा टीव्हीवर बसून!

'आपकी अंतरा' २०१० मध्ये संपली. आईला विचारलं, शेवट काय झाला गं? ती म्हणाली, "शेवट कोण बघतंय! पुढं पुढं ती पोरगी कमी आन् मोठ्या माणसांचं रडणंच जास्त दिसाया लागलं. मी सोडून दिली." आईचं हे वाक्य लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

मधल्या काळात सिनेमेही आले. 'माय नेम इज खान' २०१० मध्ये, 'बर्फी' २०१२ मध्ये. त्याआधी हॉलिवुडचा 'रेन मॅन' होताच, १९८८ चा. हे सिनेमे पाहून आलेले लोक हमखास एक प्रश्न विचारतात. होस्टेलवरही मला तीन-चार जणींनी विचारलाय. "मग तुझ्या दादाला काय येतं?" म्हणजे मोठमोठे गुणाकार तोंडी येतात का? कॅलेंडर पाठ आहे का? चित्रं काढतो का? नाही हो. दादाला असलं काहीही येत नाही. तो हॉटेलातले ग्लास विसळतो आणि चार-चारच्या रांगेत लावतो. हिरडा वाळत घातला की त्यातले खडे आणि किडकी फळं निवडतो, ते मात्र आमच्यात सगळ्यात चोख. बस्स. 'द ए वर्ड' मला आवडली ती यासाठी, की ज्योला गाणी पाठ असली तरी त्या पाठांतराने कुणाचा खटला जिंकला जात नाही की कुठलं बक्षीस मिळत नाही. ते त्याचं बोलणं आहे, एवढंच.

पहिल्या सीझनच्या शेवटी ज्यो हरवतो आणि सगळा गाव त्याला शोधायला डोंगरात निघतो. तो भाग मी एका दमात बघू शकले नाही. रूममेट म्हणाली, "अगं, सापडणार आहे तो, पुढचे दोन सीझन आहेत अजून!" तिला काय सांगू... आमचा दादा २०१६ च्या जुलैमध्ये असाच गेला होता. हॉटेलात गर्दी, बाबा भज्यांच्या कढईपाशी, आई खाचरात. धुकं इतकं, की रस्त्यापलीकडचं घर दिसेना. संध्याकाळी सहाला कळलं, दादा नाही. माळीणला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. ३० जुलै २०१४ ला डोंगर खाली आला, अख्खं गाव गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, ती आमच्याच तालुक्यात. त्यानंतर आमच्याकडे जोराच्या पावसात रात्रीचं कुणी डोंगराच्या अंगाला जात नसे. तरी त्या रात्री वाडीतली सगळी माणसं बॅटऱ्या घेऊन निघाली. हाका मारून उपयोग नव्हता, कारण दादा ओ देत नाही. शेवटी आजी म्हणाली, "हाका कशापायी मारताय? पाणी जिकडं जातंय, तिकडं जावा." रस्त्याचं गटार जिथे ओढ्याला मिळतं, तिथून पुढे, रानाच्या तोंडाशी एका हिरड्याखाली तो बसलेला सापडला. भिजून चिंब, पण अगदी शांत. पाणी बघत होता. रात्रीचे नऊ वाजले होते.

अशी मालिका, जी आपलंच कुणीतरी लिहिल्यासारखी वाटते, तिच्याकडून अपेक्षा वाढणारच ना? आणि मग आला तिसरा सीझन.

तिसरा सीझन सुरू होतो तेव्हा दोन वर्षं उलटलीत. अ‍ॅलिसन आणि पॉलचा घटस्फोट झालाय. ती मँचेस्टरला, तो तिथेच डोंगरात. ज्यो दहा वर्षांचा, दोन घरांत वाटलेला. पहिला भाग बघताना मी सरसावून बसले. कारण ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या दादाची नेहमीची पितळी बदलली तर तो जेवत नाही. मग ज्याची दोन घरं, दोन शहरं झाली, त्या मुलाचं काय होत असेल? रात्री जाग आली तर आपण कुठल्या घरात आहोत हे त्याला कसं कळत असेल? वाटलं, आता मालिका ज्योच्या आत शिरणार.

पण नाही! सहा भाग झाले आणि माझ्या लक्षात राहिलं ते मोठ्या माणसांचं. कुणाचं कुणाशी जमतंय, कुणाचं मोडतंय, कोण कुणावर रुसलंय. ज्यो प्रत्येक भागात आहे, पण तो असतो फ्रेमच्या कडेला. त्याच्यावरून बाकीचे भांडतात. आईने 'अंतरा'बद्दल जे म्हटलं होतं, तेच लंडनची बीबीसी दहा वर्षांनी करत होती. मोठ्या माणसांचं रडणं.

रूममेटशी यावर माझा कडाक्याचा वाद झाला. ती म्हणाली, "घटस्फोट होत नाहीत का अशा घरांत? आणि तुझ्या दादाची डॉक्युमेंटरी थोडीच आहे ती! फॅमिली ड्रामा आहे." तिचा मुद्दा खोटा नाही. अशा घरात आई-बाप दमतात, तुटतात, हे दाखवायलाच हवं. आणि त्या सीझनमध्ये एक गोष्ट फार छान आहे, तेही सांगायला हवं. राल्फ आणि केटी या दोघांचं लग्न. राल्फ म्हणजे मॉरिसच्या मैत्रिणीचा मुलगा. दोघांनाही डाउन सिंड्रोम आहे, आणि ते काम करणारे लिओन हॅरप आणि सारा गॉर्डी यांनाही खरोखरच आहे. त्या लग्नात कुणी त्यांची कीव करत नाही. पुढे २०२२ मध्ये बीबीसीने या जोडप्याचीच वेगळी मालिका काढली. म्हणजे लिहिणाऱ्याला येत नव्हतं असं नाही. म्हणून तर जास्त राग येतो!

माझा खरा राग आहे तो रेबेकासाठी. पहिल्या सीझनमध्ये ती घरात असून नसल्यासारखी. सगळ्यांचं लक्ष ज्योकडे. तिच्या नाटकाला, तिच्या मित्राला, तिच्या रडण्याला वेळ कुणाकडे? ते बघताना मी अक्षरशः उशीत तोंड खुपसलं होतं. तिसऱ्या सीझनमध्ये ती कॉलेजमधून घरी येते, ती गरोदर होऊन. ठीक आहे, येऊ दे. पण जो प्रश्न प्रत्येक अशा बहिणीच्या घशात अडकलेला असतो, त्यावर ती आणि तिचे आई-बाबा एकदा तरी समोरासमोर बसून बोलतील, याची मी शेवटच्या मिनिटापर्यंत वाट बघितली. प्रश्न साधा आहे. आई-बाबांनंतर कोण?

आपण इंजिनिअर लोक याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. अख्खी सिस्टीम एका भागावर उभी, आणि त्याला बॅकअप नाही. आमच्या घरी तो भाग म्हणजे आई. दादाला कुठला आवाज सहन होत नाही, पोटात दुखलं तर तो नेमकं काय करतो, औषध कशात कालवून द्यायचं, हे सगळं फक्त तिच्या डोक्यात.

आणि हा प्रश्न काही लांबचा नाही. गेल्या दिवाळीत आत्याने माझ्यासाठी एक स्थळ आणलं. मी अजून डिग्री व्हायचीय म्हणून ओरडले, पण पाहुणे आले ते आलेच. त्यांनी विचारलं, "मुलीला भाऊ किती?" आत्या पटकन म्हणाली, "एकच हाये, तो जुन्नरला मामाकडं असतो." म्हणजे, मामाकडे दादा जातो खरा, पण तो श्रावणात. श्रावणी सोमवारी आमच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, डीजे, गर्दी यांनी त्याला वेड लागायची पाळी येते, म्हणून. बाकी वर्षभर तो घरीच. ज्या आत्यामुळे दादाला त्याचं नाव मिळालं, त्याच आत्याने त्याला घरातून नाहीसा केला! मला काय बोलावं सुचेना. आई खाली बघत बसलेली. तेवढ्यात बाबा दारातून म्हणाले, "न्हाय. मामाकडं न्हाय. त्यो काय, हाटेलात गिलास धुतोय. बोलवू का?" पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते गेले. पुन्हा काही निरोप आला नाही. त्या दिवशी बाबांकडे बघून मला जे वाटलं, ते अठरा भागांत कुणी दाखवलं नाही.

आत्यावर मी रागावले नाही. तिला माझं भलं हवं होतं. पण मला कळलं, आमचा शेवटचा सीझन आमचा आम्हालाच लिहावा लागणार. म्हणून मी शोधायला लागले. त्यातलं थोडं इथे देते, कारण आपल्या कॉलेजात, स्टाफमध्येही, कुणाच्या तरी घरी असा दादा किंवा ताई असेलच.

पहिलं म्हणजे कागद. १९९५ च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. त्यामुळे दादाच्या जुन्या सर्टिफिकेटवर 'मतिमंद' एवढंच आहे. २०१६ च्या नव्या कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात ऑटिझम स्वतंत्र आहे, आणि त्याप्रमाणे नवं सर्टिफिकेट, यूडीआयडी कार्ड निघतं. दुसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं म्हणजे पालकत्व. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान. मग त्याच्या वतीने सही कोण करणार? त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती अर्ज घेऊन कायदेशीर पालक नेमते. आई-बाबाच नव्हे, नातेवाईकही पालक होऊ शकतात. म्हणजे बहीणसुद्धा! याच न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची. हे सगळं आम्हाला दादा तेवीस वर्षांचा झाल्यावर कळलं. एखाद्या मालिकेत अर्जाचा हा प्रसंग दाखवायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं? कलेक्टर कचेरीतल्या बाकावर बसलेलं कुटुंब, हातात फाइल, आणि बाहेरच्या आवाजाने कानावर हात घेतलेला मुलगा. यात ड्रामा नाही असं कोण म्हणेल!

तिसरं काम आमचं आम्हीच सुरू केलंय. एक शंभर पानी वही. दर सुट्टीत मी आईला बोलतं करते आणि लिहून घेते. 'कुकरची शिट्टी होण्याआधी त्याला सांगायचं.' 'भीमाशंकरच्या देवळात न्यायचं तर घंटेपासून लांब, बाजूने.' (वसईच्या लढाईनंतर चिमाजी अप्पांनी आणलेली ती मोठी घंटा. लोक तिचे फोटो काढतात, दादा तिच्याकडे पाठ करून उभा राहतो.) 'केस कापायचे तर झोपेत.' 'रडला तर जवळ घ्यायचं नाही, शेजारी बसायचं.' चव्वेचाळीस पानं झालीत. आई सुरुवातीला म्हणाली, "माझं मरण लिवतीस का काय?" मी म्हटलं, "नाही गं, डॉक्युमेंटेशन करतेय. आम्हाला त्याचे मार्क असतात." ती हसली. आता स्वतःच फोनवर सांगते, "आजचं एक लिहून घे."

पालकत्वाच्या अर्जात आई-बाबांचं नाव असेल, आणि त्यांच्यानंतरसाठी माझं घालायचं का, यावर आमचं अजून बोलणं चाललंय. कॅम्पसमध्ये बंगळूरची कंपनी आली तर मी बसणार का? बसणार. बाबांनीच बजावलंय, "तू थांबलीस म्हंजे त्याचं भागलं असं न्हाय." त्यांचं बरोबर आहे का, ते मला अजून पुरतं ठरवता आलेलं नाही. आत्याला मात्र मी वहीतली पहिली दहा पानं वाचायला दिली. तिने काही उत्तर दिलं नाही, पण पुढच्या खेपेला येताना दादासाठी जुन्यासारखीच दुसरी पितळी शोधून घेऊन आली. मंचरच्या बाजारातून, तशीच किनार असलेली.

'द ए वर्ड' बघू नका असं मी म्हणणार नाही. बघा. पहिले दोन सीझन जरूर बघा, आणि तिसऱ्यातलं राल्फ-केटीचं लग्न.

आणि एक विनंती, विशेषतः मुलांच्या होस्टेलला. दर पावसाळ्यात तुमच्या वीस-पंचवीस बाइक भीमाशंकरला निघतात हे मला माहीत आहे. तळेघर सोडलं की हॉर्न जरा कमी वाजवा. रस्त्याच्या कडेला कुणी कानावर हात ठेवून गटाराचं पाणी बघत उभा दिसला, तर त्याचा व्हिडिओ काढू नका, हाकही मारू नका, तो ओ देणार नाही. पुढच्या वळणावर आमचं हॉटेल आहे, तिथे थांबा. ग्लास स्वच्छ मिळतील.